सद्गुणास पैका लागतो काय?

मनुष्य चांगला होतो तो अंतःकरणानें कीं परिस्थितीनें, हा प्रश्न फार जुना आहे. पंडितांनीं त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. परंतु हा केवळ पंडितांचा प्रश्न आहे असें नाहीं. ज्या घरांत महिन्याची अखेर जवळ आली म्हणजे डब्यांतलें पीठ संपतें, त्या घरांतही तो वारंवार उभा राहतो. "आमच्या गांठीं चार पैसे असते तर आम्हीही खरें बोललों असतों, आम्हीही देणेकऱ्यांचें देणें वेळेवर फेडिलें असतें, आम्हीही दानधर्म केला असता," असें म्हणणारे लोक प्रत्येक गांवांत आहेत. आणि त्यांच्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नाहीं असें एकदम म्हणतां येत नाहीं. या प्रश्नाचा विचार करितांना एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीची आम्हांस फार मदत झाली. म्हणून तिजविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या कादंबरीचें नांव 'व्हॅनिटी फेअर'. ती विल्यम मेकपीस थॅकरे या ग्रंथकारानें लिहिली. जानेवारी १८४७ पासून जुलै १८४८ पर्यंत ती लंडन शहरीं दरमहा अंशाअंशानें छापून निघत असे, आणि तींतील चित्रेंही ग्रंथकारानें स्वतःच काढिलीं होतीं. नांव मात्र त्याचें स्वतःचें नव्हे. जॉन बन्यन यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या यात्रेकरूच्या कथेंतून त्यानें तें घेतलें. ही कथा आमच्या वाचकांस परकी नाहीं. हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं ती 'यात्रिक क्रमण' या नांवानें मराठींत आणिली. स्वर्गीय नगरीकडे जाणाऱ्या वाटेवर एक जत्रा भरते, तींत घरें, जमिनी, पदव्या, राज्यें, सुखें, फार काय पण मनुष्यांचे जीव व आत्मेही विकत मिळतात, आणि जे यात्रेकरू "आम्ही सत्य तेवढेंच विकत घेतों" असें म्हणतात त्यांस दुकानदार बेड्या घालितात, हें वाचकांस ठाऊकच असेल. बन्यनच्या जत्रेंतून निदान दोन यात्रेकरू कांहीं न विकत घेतां जातात. थॅकरेच्या जत्रेंत असा यात्रेकरू जवळ जवळ कोणीच नाहीं. तेथें सर्वच गिऱ्हाइकें आहेत. म्हणूनच, ही नायकावांचून लिहिलेली कादंबरी आहे असें त्यानें पुस्तकाच्या नांवाखालींच सांगून ठेविलें आहे.

ग्रंथकाराविषयीं एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. त्याचा जन्म १८११ सालीं आपल्याच देशांत, कलकत्त्यास झाला. बाप कंपनी सरकारच्या नोकरींत होता, तो लवकर मरण पावला, आणि पांच वर्षांचें हें मूल आईस सोडून जहाजांतून विलायतेस गेलें. वडिलांचा बराच पैका त्यास मिळावयाचा होता. परंतु कांहीं जुगारांत गेला, आणि बाकीचा बहुतेक १८३३ च्या सुमारास कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्या बुडाल्या त्यांत बुडाला. पुढें १८४० सालीं त्याच्या बायकोस वेड लागलें, आणि लहान मुलींस पोसण्यासाठीं त्यास लेखणी झिजवावी लागली. श्रीमंती आणि ओढग्रस्त या दोहोंचा ज्यास अनुभव आहे अशा मनुष्याचें हें लिहिणें आहे.

आतां कथेकडे वळूं. बेकी शार्प नांवाची एक मुलगी आहे. तिचा बाप गरीब, दारूबाज, चित्रें काढावयास शिकविणारा. आई फ्रेंच नाचणारी. दोघेंही मेल्यावर ती मुलींच्या एका शाळेंत फ्रेंच भाषा शिकवून पोट भरिते. शाळा सोडतांना तिच्या हातीं एक कोश बक्षीस म्हणून देण्यांत येतो. तो ती गाडीच्या खिडकींतून परत फेंकून देते. तिच्याबरोबर अमेलिया सेड्ली नांवाची एका सधन व्यापाऱ्याची मुलगी निघते. अमेलिया भोळी, प्रेमळ व रडवी. बेकी हुशार, धीट व मतलबी. अमेलियाचा भाऊ जोस हा बंगाल्यांत कलेक्टर असतो. त्यास फांसांत घेण्याचा बेकीचा पहिला डाव फसतो. मग ती क्रॉली नांवाच्या एका जहागीरदाराच्या घरीं मुलींस शिकविण्यास राहते, आणि त्याच्या रॉडन नांवाच्या धाकट्या लष्करी मुलाशीं गुपचुप लग्न लाविते. पुढें तो म्हातारा विधुर होऊन स्वतःच तिला मागणी घालितो तेव्हां तिच्या डोळ्यांत खरेंखुरें पाणी येतें. कारण थोडा धीर धरिला असता तर बापच हातीं लागला असता! येथें वाचकास हंसूं येतें, आणि लगेच त्या हंसण्याची लाजही वाटते.

लग्नानंतर या जोडप्याजवळ उत्पन्न कांहींच नाहीं, तरी तीं लंडनांत मोठ्या थाटानें राहतात. बेकी राजदरबारांत जाऊन राजाचें दर्शन घेते. लॉर्ड स्टेन नांवाचा एक मोठा व दुराचारी सरदार तिला पैका व हिरे देतो. एके रात्रीं कर्जासाठीं अटकेंत पडलेला रॉडन सुटून घरीं येतो, तों बायको त्या सरदाराजवळ दागिने घालून बसलेली त्यास दिसते. तेथून तिची घसरण सुरू होते. देशोदेशीं भटकत ती शेवटीं जोसला गांठते. त्याच्या मरणानंतर विम्याचा अर्धा पैका तिच्या हातीं येतो, आणि तें मरण कसें आलें याविषयींचा संशय ग्रंथकार मुद्दाम तसाच ठेवितो.

या सर्व हकीकतीच्या मध्यभागीं एक लहानसें स्थळ आहे, आणि तेंच आमच्या लेखाचा विषय होय. बेकी सासरच्या गांवीं, त्या जहागिरीच्या वाड्यांत, पाहुणी म्हणून आली आहे. थोरली जाऊ लेडी जेन ही साधी, सत्त्वशील बाई. ती मुलांची काळजी घेते, गोरगरिबांस औषध देते. तिला पाहून बेकी मनाशीं म्हणते, हें चांगुलपण काय कठीण आहे? वर्षाला पांच हजार पौंड मला मिळाले, तर मीही चांगली बाई होऊन दाखवीन. मुलांस खेळवीन, बागेंतलीं फळें मोजीन, म्हाताऱ्या बायांच्या गुडघेदुखीची विचारपूस करीन, आणि कोणाचें देणेंही ठेवणार नाहीं. आणि आश्चर्य हें कीं, ग्रंथकार तिला खोटी पाडीत नाहीं. कोण जाणे, तिचें म्हणणें खरेंही असेल, असें म्हणून तो वाचकाकडे पाहतो.

प्रिय वाचकहो, हें म्हणणें खरें आहे काय?

प्रथम यांत जेवढें खरें आहे तेवढें मोकळ्या मनानें कबूल करूं. ज्याच्या कणग्या भरलेल्या आहेत तो दुसऱ्याच्या खळ्यावरून सूपभर जोंधळा चोरीत नाहीं. पण त्याबद्दल त्यास प्रामाणिक म्हणावें कीं केवळ पोटभरलेला म्हणावें, हें सांगणें कठीण आहे. ज्यास कधीं सावकाराच्या दारीं उभें राहावें लागलें नाहीं, त्यास खोटा वायदा करण्याचा मोह कसा असतो तें काय कळणार? नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायांत आगूराची प्रार्थना आहे. तो देवाजवळ दारिद्र्यही मागत नाहीं व संपत्तीही मागत नाहीं. संपत्तीनें देवाचा विसर पडेल आणि दारिद्र्यानें चोरी घडेल, अशी दोहोंकडची भीति त्यास वाटते. तेव्हां परिस्थितीचा आत्म्यावर भार पडतो हें शास्त्रासही मान्य आहे. म्हणून ज्यांच्या घरीं सुखवस्तु स्थिति आहे त्यांनीं आपल्या निष्कलंकपणाचा ताठा मिरवूं नये. त्यांतला किती भाग कृपेचा आहे आणि किती भाग वर्षाच्या पांच हजारांचा आहे, याचा हिशेब ज्यानें त्यानें एकांतांत करावा.

आतां दुसरी बाजू. बेकीचा सिद्धांत खरा असता तर त्या कादंबरींतील सर्व श्रीमंत लोक सज्जन निघाले असते. पण तसें दिसत नाहीं. लॉर्ड स्टेन याच्या संपत्तीस पार नाहीं; तो घरांत बायकोस व सुनांस छळतो. अमेलियाचा सासरा म्हातारा ऑसबर्न यास व्यापारांत वर आणिलें तें सेड्लीनें. पण तोच सेड्ली बुडाला तेव्हां हा त्याचा सर्वांत कठोर शत्रु झाला, आणि त्याच्या मुलीशीं लग्न केलें म्हणून यानें पोटच्या पोरासही घराबाहेर काढिलें. त्याच जहागिरीचें उत्पन्न त्या म्हाताऱ्या क्रॉलीनें खाल्लें आणि तो गांवचा निंद्य माणूस झाला. तेंच उत्पन्न लेडी जेनच्या घरीं आलें आणि ती दयाळू राहिली. पैका एक, घर एक, आणि मनुष्यें भिन्न. मग चांगुलपण पैक्यांतून निघालें असें कसें म्हणावें?

याहून मोठा पुरावा बेकीच्या स्वतःच्या वागणुकींत आहे. ब्रिग्स नांवाच्या एका गरीब सोबतिणीचा पैका बेकीनें खाल्ला होता. तो परत करावयाचा म्हणून तिनें लॉर्ड स्टेनजवळून रक्कम मागितली, तीही खऱ्या कर्जाहून फुगवून. आणि ती हातीं आल्यावर ब्रिग्सला एक रेशमी झगा देऊन बाकीचा पैका आपल्या पेटींत कुलूप लावून ठेविला. नवरा अटकेंत बसून चिठ्ठी पाठवितो तेव्हां पेटींत हजार पौंडांची नोट पडून आहे. आणि ही उत्तर लिहिते कीं आपण आजारी असून पैशांची तजवीज होत नाहीं. तेव्हां पैका नव्हता म्हणून ती वाईट झाली असें नाहीं. पैका होता, आणि त्याच दिवशीं ती आपल्या वाईटपणाच्या कळसास पोंचली.

परंतु सर्वांहून लहान व सर्वांहून दुःखाची गोष्ट निराळीच आहे. बेकीस एक मुलगा आहे. आई गातांना ऐकावी म्हणून तें पोर जिन्यांत येऊन उभें राहतें, आणि आई बाहेर येऊन त्याच्या कानशिलांत मारिते. पुढें त्या वाड्यांत लेडी जेन आपल्या मुलांस कुरवाळिते हें पाहून, लोकांस दिसावें म्हणून बेकीही सर्वांसमक्ष त्याचा मुका घेते. तेव्हां तो मुलगा भर मंडळींत म्हणतो कीं घरीं तर तूं माझा मुका कधीं घेत नाहींस. वाचकहो, मुक्यास किती पौंड पडतात? झोंपडींतील आई, जिच्या अंगावर धड लुगडें नाहीं, ती रात्रीं लेंकरास पोटाशीं धरिते, त्यासाठीं ती कोणत्या पेढीवर हुंडी वटविते? बेकीच्या सबबीचें सर्व उत्तर या एका गोष्टींत आहे असें आम्हांस वाटतें. सद्गुणांपैकीं कांहीं सद्गुणांस पैका लागतो. दान देण्यास लागतो, कर्ज फेडण्यास लागतो. पण त्यांच्याही आधीं जे सद्गुण येतात, म्हणजे माया, गोड शब्द, आजाऱ्याच्या उशाशीं बसणें, दुसऱ्याचें दुःख ऐकून घेणें, ते देवानें फुकट ठेविले आहेत. जो फुकट मिळणारे सद्गुण सोडून देतो, तो विकतचे आणील हें कोणीं मानावें?

शेवटीं बेकीला पैका मिळालाच. मुलगा मोठा होऊन जहागिरीचा धनी झाला, आणि आईस सढळ हातानें वर्षासन देऊं लागला; परंतु तिचें तोंड मात्र पाहीनासा झाला. मग ती काय झाली? ती देवळांत जाऊं लागली, मागून चाकर चालूं लागला, धर्मादायाच्या याद्यांत तिचें नांव छापून येऊं लागलें, अनाथांच्या व दरिद्र्यांच्या फंडाच्या दुकानांवर ती बसूं लागली. म्हणजे तिनें म्हटल्याप्रमाणें ती "चांगली बाई" झाली. पण पांच हजारांनीं जो चांगुलपणा विकत मिळतो तो असा असतो: त्यास यादी लागते, चाकर लागतो आणि पाहणारे लागतात. ज्या विधवेनें मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकिल्या तिची यादी कोणीं केली नव्हती.

यांतच आणखी एक गोष्ट पाहावयाची आहे. बेकी व तिचा नवरा उत्पन्नावांचून वर्षानुवर्षें कशीं जगलीं? उत्पन्नावांचून जगणें म्हणजे दुसऱ्याच्या उत्पन्नावर जगणें. रॅगल्स नांवाचा एक जुना नोकर होता. त्यानें जन्मभर सांठवून एक घर घेतलें आणि मोठ्या घराण्याच्या आदरानें तें या जोडप्यास भाड्यानें दिलें. भाडें कधीं मिळालें नाहीं. भाजीपाल्याचे पैसेही मिळाले नाहींत. धोबीण, खाटीक, कोळसेवाला, सर्वच बुडाले. रॅगल्सचें घर गेलें, आणि तो स्वतः कर्जदारांच्या तुरुंगांत गेला. थाटाच्या मेजवान्या खाणाऱ्या सरदारांस याची वार्ताही नव्हती. आम्हांस वाटतें, हा उपहास सरदारांपुरता नाहीं. लग्नकार्यांत किंवा सणावारांत लोकांच्या डोळ्यांत भरावें म्हणून जो ऐपतीबाहेर खर्च करितो, आणि दुकानदाराचें व मजुराचें देणें "पुढें पाहूं" म्हणून टाळितो, तोही आपल्या लहान प्रमाणांत रॅगल्सच्या घरांतच राहत असतो.

आतां बेकीच्या बाजूनेंही बोललें पाहिजे. तें न बोलणें अन्याय होईल. ती आईवेगळी मुलगी. इतर मुलींसाठीं त्यांच्या आया वर शोधितात. तिला स्वतःच शोधणें भाग पडलें. तिच्या अंगीं बुद्धि होती, हिंमत होती. पण त्या समाजांत गरीब मुलीच्या बुद्धीस शिक्षकिणीच्या चाकरीपलीकडे वाट नव्हती. ती जगास फसविते, पण स्वतःस फारसें फसवीत नाहीं. आणि एक खरें सत्कृत्य तिच्या हातून घडतें. अमेलियाचा नवरा जॉर्ज १८१५ सालीं वॉटर्लूच्या लढाईंत पडला. ती त्यास देवाप्रमाणें पूजीत राहिली, आणि जो डॉबिन पुष्कळ वर्षें निमूटपणें तिची सेवा करीत होता त्याच्या प्रेमाचा उपभोग घेऊनही त्यास दूर ठेवीत राहिली. लढाईच्या थोडें आधीं त्याच जॉर्जनें बेकीस आपल्याबरोबर पळून ये म्हणून चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी बेकी शेवटीं अमेलियापुढें टाकिते आणि तिच्या डोळ्यांवरील पडदा दूर करिते. भोळ्या, सोज्वळ अमेलियाच्या प्रेमांतही आपमतलब होता, आणि लबाड बेकीच्या अंतःकरणांतही एक खरा कोपरा होता. हें दाखविणारा ग्रंथकार मनुष्यमात्रास चांगला ओळखतो असें म्हणावें लागतें.

शिवाय हें पाहा. त्या रात्रीच्या बोभाट्यानंतर बेकीस सर्व दारें बंद झालीं. पण लॉर्ड स्टेनचें काय? त्याचे गुण सर्वांस ठाऊक होते, तरी त्याचें आमंत्रण आलें म्हणजे सभ्य लोक नटून धावत. पाप दोघांचें, आणि बहिष्कार एकीवर. हें केवळ विलायतेंतच घडतें असें आम्हांस प्रामाणिकपणें म्हणतां येत नाहीं. आपल्या मंडळ्यांत, पंचांपुढें जेव्हां असा विषय येतो, तेव्हां बाई उभी असते आणि बाप्या बहुधा गैरहजर असतो; कधीं कधीं तो वजनदार असल्यामुळें त्याचें नांवही निघत नाहीं. पापास पाप म्हटलेंच पाहिजे. पण तराजू एकच असला पाहिजे. ज्या बाईस विचारणा करावयाची तिला पोटापाण्याचा दुसरा मार्ग कोणता होता, तो दाखविण्याचें काम कोणाचें होतें, आणि तें कोणीं केलें नाहीं, हेंही पंचांनीं आपणांस विचारावें.

कोणी म्हणेल, पाळकानें कादंबऱ्यांची वार्ता कशास करावी? तर नाथान संदेष्ट्यानें दाविदास एकदम दोषी म्हटलें नाहीं. आधीं त्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, आणि परक्याचा म्हणून ज्याचा न्याय त्यानें केला तो स्वतःचाच निघाला. चांगल्या उपहासाचें काम असेंच असतें. शार्लट ब्रॉन्टे ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. तिनें आपली 'जेन आयर' ही कादंबरी दुसऱ्या आवृत्तीच्या वेळीं थॅकरेस अर्पण केली, आणि राजांपुढें अप्रिय सत्य सांगणाऱ्या इम्लाच्या पुत्रासारखा हा आहे असें त्याजविषयीं लिहिलें. कादंबरी वाचून बेकीला हंसलों आणि पुस्तक मिटलें, तर वेळ वायां गेला. परंतु तिच्या सबबींत आपली सबब दिसली, तर वेळ सत्कारणीं लागला.

म्हणून आमच्या वाचकांस दोन गोष्टी सुचवितों. ज्यांजवळ आहे, त्यांनीं गरीब मनुष्य चुकला असें ऐकल्याबरोबर जीभ सैल सोडूं नये. आपल्या पायाखालचे पांच हजार काढून घेतले तर आपण कोठें उभे राहूं, हें आधीं पाहावें. आणि ज्यांजवळ नाहीं, त्यांनीं "असतें तर केलें असतें" या वाक्यावर आयुष्य काढूं नये. आज संध्याकाळीं घरीं गेल्यावर, ज्यास एक दमडीही लागत नाहीं असें कोणतें चांगलें काम राहून गेलें आहे, तें शोधावें. तें बहुतेक घरांत सांपडेल. कोणाच्या घरीं जिन्यांत उभें राहिलेलें पोर असेल, कोणाच्या घरीं अबोला धरून बसलेला भाऊ असेल, कोणाच्या घरीं कोपऱ्यांत पडलेली म्हातारी असेल. तें काम आधीं करावें. पैक्याचीं कामें पैका येईल तेव्हां करतां येतील, आणि तीं करण्याचा सराव तोंपर्यंत हातास झालेला असेल.